चढावरची सायकल

भिंगार,
२१ फेब्रुवारी १९७१

प्रिय सत्यवानराव यांस,
प्रभूमध्ये सलाम.

फ्रेम माझी. पाण्याच्या जाड पाइपातून कापलेली, सांध्यांत पितळ ओतून जोडलेली. कॅरियर माझं, गव्हाचं पोतं ठेवलं तरी न वाकणारं. चेनकव्हर माझं, दुहेरी स्टँड माझा. हत्यारांची पेटी, तिचं कुलूप आणि कुलपाची किल्लीसुद्धा. घंटा लष्करी भंगाराच्या लिलावातल्या पितळेची. ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा आमच्या पाद्रीसाहेबांनी उपासना सोडून खिडकीबाहेर पाहिलं होतं. आणि मागच्या चाकातला ब्रेक. रिमवर रबर घासणारा नव्हे, मोटारीसारखा हबच्या आत फाकणारा, दांडी उजव्या मुठीखाली. हा मला कोणी शिकवलेला नाही. लष्कराच्या वर्कशॉपबाहेर एका जीपचं चाक उघडून ठेवलं होतं, ते कुंपणापलीकडून बघितलं आणि घरी येऊन केला. नगर जिल्ह्यात असा ब्रेक दुसऱ्या सायकलीला असेल तर दाखवा.

हे सगळं मी एस.टी.च्या कंडक्टरला ऐकवलं, कारण तुमची मोडकी सायकल टपावर चढवताना तो "हे भंगार कुठं नेताय?" म्हणाला. भिंगार येईपर्यंत तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. तिकीटही पुढच्या माणसाच्या हाती पाठवलं.

तुम्हाला खाटेवर मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये पाहिलं आणि मी सायकलच बघत बसलो. माझी सख्खी बहीण, पण मार्थाला ते आवडलं नाही. असो. इथे आणून ती पूर्ण उघडली. पुढचं चाक दुमडलंय, मागचं धड आहे. ब्रेकच्या आत ताजा ओरखडा नाही. म्हणजे उसाचा ट्रक चढावर मागे घसरून अंगावर आला तेव्हा तुम्ही ब्रेक दाबलाच नाही. का? दुसरी गोष्ट. डाव्या मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, उजव्याची नक्षी अजून बोटांना लागते. उजव्या हातात छत्री धरून शाळेत जाता काय? चार वर्षं मास्तरांनी एका हाताने सायकल चालवली असेल तर ते मला कळायला हवं होतं.

मार्था म्हणाली, ट्रकचे मालक आबासाहेब यांनी गुळाची ढेप पाठवली आणि विषय मिटला. मिटलेला नाही. ट्रकचा विमा असणार. तो कोणत्या कंपनीचा, ते विचारून कळवा. तुमचा पगार बंद आहे, गुडघ्याचं काय होईल ते डॉक्टरलाही माहीत नाही. ढेप किती दिवस पुरेल?

तुमचा,
शलमोन


श्रीगोंदा,
२ मार्च १९७१

आदरणीय शलमोनभाऊ यांस,
सत्यवानचा सलाम.

पत्र पोचलं. ब्रेक दाबायला वेळ झाला नाही, इतकंच सांगता येईल. ट्रक पुढे होता, तो मागे आला, सायकल डाव्या अंगावर पडली आणि गुडघा खाली सापडला. मुठीच्या रबराचं कारण मलाही सांगता येणार नाही. आपली नजर फार बारीक आहे.

विम्याविषयी आपण लिहिलंत. पण भाऊ, आपल्याकडे ना मोटार, ना विम्याचा हप्ता कधी भरलेला. ज्याची मोटार त्याचा विमा. मी साधा सायकलवाला, कोणत्या तोंडाने मागू? शिवाय वस्तीवरच्या शाळेचे पत्रे आबासाहेबांनी स्वतः उभं राहून घालून दिले. त्यांच्यावर दावा लावायचा आणि त्याच पत्र्यांखाली बसून शिकवायचं, हे माझ्याने होणार नाही.

वर्गातली मुलं रविवारी येऊन गेली. त्यांनी प्लास्टरवर पाढे लिहिले आहेत. सतराच्या पाढ्यात दोन चुका आहेत. त्या घोट्याजवळ असल्यामुळे मला वाकून दुरुस्त करता येत नाहीत, दिवसभर नुसत्या बघत बसतो. मार्था म्हणते, बाकी पाय मोडला तो बरा, पण या दोन चुकांनी माझा जीव जाणार.

आपला,
सत्यवान


भिंगार,
९ मार्च १९७१

प्रिय सत्यवानराव,
सलाम.

तुमचं सगळं म्हणणं वाचलं. त्यातलं सतराच्या पाढ्याचं तेवढं बरोबर आहे.

कोर्टासमोरच्या एका वकिलांचा टाइपरायटर मी दुरुस्त करतो. या खेपेला त्याचा 'क' अडकला होता. तो सोडवेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं, मी ते दुकानात आणून शब्दकोश घेऊन बसलो. नीट ऐका. मोटार मोडली तर भरपाई मिळावी म्हणून मालक विमा काढतो, तो त्याच्या मर्जीचा. पण जो विमा काढल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणताच येत नाही, तो मोटारीसाठी नाहीच. तो तिच्या वाटेत येणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी आहे. पायी चालणारा, बैलगाडीवाला, सायकलवाला. ज्याच्याकडे मोटार नाही, हप्ता नाही, त्याच्यासाठीच तो कागद ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला असतो. आबासाहेबांनी पैसे भरले ते तुमच्यासाठीच. फक्त तो माणूस तुम्ही असाल, हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे मागायचं कंपनीकडे. अर्ज नगरच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे करायचा, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. वकील फी नंतर घेणार आहेत, कारण 'क' आता लोण्यासारखा चालतो.

आबासाहेबांना स्वतः विचारा. नाही म्हणाले तर मी येतो.

शलमोन


श्रीगोंदा,
१८ एप्रिल १९७१

आदरणीय शलमोनभाऊ,
सलाम.

तुम्हाला यावं लागलं नाही. आबासाहेबांना भीतभीत विचारलं, तर ते मोठ्यांदा हसले. म्हणाले, "मास्तर, घ्या की! दरसाल भरतो, कुणाला उपयोग झाला हे पहिल्यांदाच ऐकतोय." कागदाचा नंबर त्यांनीच उतरवून दिला. अर्ज दाखल झाल्याचं वकीलसाहेबांनी तुम्हाला सांगितलंच असेल.

परवा कंपनीचे गृहस्थ घरी येऊन गेले. चांगला माणूस. खाटेच्या कडेला बसले, चहा घेतला, मुलांची चौकशी केली. त्यांचं म्हणणं असं की, मी मागून येऊन ट्रकवर आदळलो. सायकलचा ब्रेक घरी केलेला होता, तो लागला नाही. मी तसं लिहून दिलं आणि ब्रेक करणाऱ्यानेही लिहून दिलं, तर कंपनी सहानुभूती म्हणून दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देईल आणि प्रकरण संपेल. नाहीतर भांडत बसावं लागेल, आणि भांडणात काय काय बाहेर येईल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

प्लास्टर निघालं. गुडघा थोडासा वाकतो आणि मग दार अडकावं तसा अडकतो. शाळा जूनमध्ये उघडेल. ब्रेकसंबंधी आपलं मत कळवावं. आपण म्हणाल तसं.

आपला,
सत्यवान


भिंगार,
२२ एप्रिल १९७१

सत्यवानराव,

माझं मत विचारता? चढावर सायकलला ब्रेक लागतो कशाला? चढावर ब्रेक न लागलेली सायकल पुढे धावून ट्रकवर आदळते की मागे येते? हा प्रश्न चौथीतल्या पोराला विचारा, आणि मग त्या चहा पिणाऱ्या गृहस्थांना विचारा.

मी लिहून देणार नाही. दोन महिन्यांचा नव्हे, दोन वर्षांचा पगार दिला तरी नाही. तो ब्रेक मी पुन्हा जोडलाय आणि दुकानाच्या दारात टांगलाय. ज्याला शंका असेल त्याने येऊन दाबून बघावा.

शलमोन


श्रीगोंदा,
२७ एप्रिल १९७१

दादा,
मार्थाचा सलाम.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आन घडी करून बायबलात ठिवलं. तवापासून बोलत न्हाईत. म्हनून मीच लिवते. माझं शुद्ध-अशुद्ध तू बघू नको.

तुझा ब्रेक चांगला हाय. मला म्हाईत हाय. पर दाबायला मानसाचा उजवा हात मोकळा पायजे का न्हाई? वाडीच्या चढाला समदी साखळी धरत्यात. तुला खरंच ठावं न्हाई? ट्रकच्या मागं फाळक्याची साखळी लोंबती, ती उजव्या हातानं धरायची, डाव्या हातानं हँडल आवळायचं, आन ट्रक वर वढून नेतो. दूधवाला धरतो. पोष्टमन धरतो, सरकारी खाकी घालून. हे बी रोज धरत्यात. तू इथं यिऊन रबर बघितलंस, चाक बघितलंस, मला वाटलं तुला समजलंच आसंल.

आन का धरत्यात? तुझ्या सायकलीपायी. ती गोठ्यातून काडायची म्हंजी म्हस वढल्यावानी हुतं. पाइप काय, पेटी काय, दोन-दोन स्टँड काय! त्या चढाला ती घिऊन चालायचं म्हनलं तरी दम लागतो, बसून चढवायची तर इचारूच नको. ह्यांनी तुला कदी सांगितलं न्हाई. कसं सांगनार? तू घरी येतोस तवा आदी सायकलकडं बघतोस, मग बहिनीकडं.

आता आमचं काय आडलंय ते आयक. हे म्हनत्यात, ब्रेक मोडला म्हनून खोटं लिवनार न्हाई, दादाचं नाव जाईल. आन साखळीचं खरं सांगितलं तर कंपनी म्हनंल, तुमचीच चूक, जावा घरी. खोटं सांगितलं तर दोन पगार, खरं सांगितलं तर काय बी न्हाई. म्हनून त्ये गप हायेत. जूनला शाळेत पोचायचं कसं ते कुनाला म्हाईत न्हाई. हजरी लागली न्हाई तर नोकरी ऱ्हानार न्हाई.

तू हुशार हाईस ना? मग ब्रेकचं सोड आन ह्याचं काय करायचं ते सांग.

तुझी,
मार्था


भिंगार,
९ मे १९७१

मार्था,
सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकलला नवं पुढचं चाक घातलं आणि कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर नेली. एकतीस किलो. वखारवाला म्हणाला, "यात कोळसा हाय का?" बाजारातली सायकल तिथेच उभी होती, ती वीसच्या आसपास भरली. मी आयुष्यात सगळं मोजलं, हे कधी मोजलं नव्हतं. मजबूत आहे की नाही एवढंच बघत आलो.

मग ती घेऊन डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालाकडे निघालो. पहिल्या वळणाला उतरलो. एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून माझ्या पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, पंक्चर का?" मी हो म्हणालो. तेवढ्यात मागून मिलिटरीचा ट्रक आला, हळूहळू, वर चढणारा, साखळी लोंबत असलेला. मार्था, माझा उजवा हात आपोआप हँडलवरून उठला. मी साखळी धरली नाही, पण हात उठला. तेव्हा मला तुझ्या नवऱ्याचं रबर समजलं.

आता काय करायचं ते. वकिलांना मी सगळं सांगितलं. साखळी, हात, सगळं. ते म्हणाले, खरं सांगा. सायकलवाल्याची चूक असली तर तेवढा वाटा कापतात, सगळंच जातं असं नाही. आणि त्यांनी उलट प्रश्न केला: ट्रक मागे का आला? चढावर गियर सुटला तर चाकामागे दगडाची उटी लावायला क्लीनर खाली उतरतो. तो कुठे होता? ऊस किती भरला होता? साखळी धरणाऱ्याने ट्रक मागे ओढला नाही ना?

म्हणून सत्यवानरावांना सांग, बायबलातून माझं ते पत्र काढून चुलीत घाला. त्यांनी न्यायाधीशांना हात कुठे होता ते सांगावं. मीही येईन. कंपनीला हवा असलेला कागद मी लिहिणार नाही, पण दुसरा लिहिलाय: ब्रेक निर्दोष, सायकल त्या चढाला फार जड, आणि तो दोष सायकल बनवणाऱ्याचा, चालवणाऱ्याचा नव्हे. खाली सही माझी.

या खेपेला आलो की आधी तुझ्याकडे बघेन.

दादा


श्रीगोंदा,
१२ ऑगस्ट १९७१

आदरणीय शलमोनभाऊ,
सलाम.

तडजोडीचा कागद वकीलसाहेबांकडून मिळाला. तुम्ही कोर्टात होतात, तरी मला जे दिसलं ते लिहितो.

न्यायाधीशांनी विचारलं, "मास्तर, उजवा हात कुठं होता?" मी म्हणालो, "साखळीला." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कंपनीचे वकील खुर्चीत आरामात मागे टेकले. माझ्या मनात आलं, संपलं. मग त्यांनीच गहिनीनाथ ड्रायव्हरला उभं केलं, की मागे कोणी लटकलंय हे त्याला माहीतच नव्हतं असं तो सांगेल. आणि तो भला माणूस म्हणाला, "म्हाईत कसं न्हाई साहेब? मास्तर रोज धरत्यात. मी आरशात बघतो, त्यांनी धरलं का मगच गियर टाकतो, सावकाश नेतो." क्लीनर कुठे होता विचारलं, तर म्हणाला, "वर, उसावर. माल टपाच्या बी वर हुता, त्यावर निजला हुता." त्याला आपण काय बोलून गेलो हे कळलंच नव्हतं. मागे माणूस आहे हे माहीत, माल जास्त, आणि उटी लावायला खाली कोणी नाही. कंपनीच्या वकिलांनी फाइल बंद केली आणि तडजोडीची मुदत मागितली.

माझा वाटा कापला, तो कापायलाच हवा होता. तरी बुडालेला सगळा पगार भरून निघाला आणि गुडघ्यासाठी वर काही. आबासाहेबांनी गहिनीनाथला कामावर कायम ठेवलंय. मी त्याच्या घरी जाऊन आलो. तो म्हणाला, "मास्तर, मी तुमच्या बाजूनं बोललो का तिकडच्या?" मी म्हणालो, खरं बोललास. तो म्हणाला, "ते ठीक हाय, पर बाजू कुठली?"

आणि तुम्ही उभं राहून "एकतीस किलो" म्हणालात तेव्हा मी मान खाली घातली होती. भाऊ, ती सायकल मला आवडत होती. लोक थांबून बघायचे. चढ सोडला तर तिच्यासारखी सायकल नाही.

जूनपासून शेजारच्यांच्या बैलगाडीतून शाळेत जातो, पण पेरणीच्या दिवसांत त्यांनी चार वेळा नाही म्हटलं, आणि पुढे सुगीत तर गाडी मिळणारच नाही. गुडघा काटकोनापर्यंत येत नाही, पायडल वर आलं की अडतो. सायकल माझ्यासाठी संपली असं डॉक्टर म्हणाले. एक विचारायचं राहिलं. कोर्टाच्या पायरीवर मला बसवून तुम्ही सुतळीनं माझा पाय का मोजत होतात? मार्थाला वाटलं, कुबडी करताय.

आपला,
सत्यवान


भिंगार,
५ सप्टेंबर १९७१

प्रिय सत्यवानराव यांस,
प्रभूमध्ये सलाम.

आज दुपारच्या गाडीने सायकल पाठवली. कंडक्टर तोच होता. या वेळी त्याने ती एका हाताने टपावर दिली आणि संशयाने माझ्याकडे बघितलं.

फ्रेम माझी नाही. बाजारातली आहे, पातळ नळीची. चाकं माझी नाहीत. चेनकव्हर नाहीच. स्टँड एक, दुकानातला. पेटी नाही. ब्रेक साधा, रबराचा, सगळ्यांना असतो तसा. कॅरियरसुद्धा विकतचं, वह्यांचा गठ्ठा तेवढा राहील, गहू राहणार नाही. घंटा मात्र जुनीच लावली आहे. मार्थाला सांगा, तिचं वजन मी केलंय, चढाला काही फरक पडणार नाही.

माझ्या हातचा फक्त डावा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा. तो उजव्यापेक्षा आखूड आहे. डाव्या पायाचा फेरा लहान पडेल, म्हणून पायडल वर आलं तरी गुडघा जिथे अडतो तिथवर पोचणारच नाही. सुतळी त्यासाठी होती. दोन क्रँक वाया गेले, तिसरा बसला. मी स्वतः डावा गुडघा फळीला बांधून महालापर्यंत चढवून पाहिली. वरपर्यंत, न उतरता. शेजारचे लोक काय म्हणाले ते लिहीत नाही. पहिले आठ दिवस लंगडल्यासारखं वाटेल, मग विसराल. साखळी धरायची नाही. धरायची वेळ आलीच तर उतरून चालायचं, आता ती हाताने ढकलता येते.

एक गोष्ट कळवायची राहिली. परवा आबासाहेब ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घ्यायला नगरला आले होते, ते दुकानात डोकावले. त्यांच्या थोरल्या भावाचाही गुडघा धरलाय. त्यांनी सायकल उचलून पाहिली, क्रँक फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. मी म्हणालो, भावाला घेऊन या, त्यांचा पाय मापतो आणि त्यांना वेगळी करतो. ते म्हणाले, "दुसरी कशाला? हीच द्या, आत्ता घिऊन जातो. मास्तरांना दुसरी करा." मी म्हणालो, ही सत्यवानरावांच्या पायाची आहे, दुसऱ्याला बसणार नाही. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्यांनी नव्या सायकलीच्या दुप्पट रक्कम ऐरणीवर ठेवली.

मी नोटा उचलून त्यांच्या हातात परत दिल्या. पाचशे रुपये होते.

तुमचा,
शलमोन